सलगमाचं पाणी

३ डिसेंबर १९९८, गुरुवार

कारखान्यात मालात खोट आढळली की त्याच दिवशी तारीख घालून नोंद करायची, हा माझा नियम होता. नुसत्या आठवणीवर विसंबलं की माणूस मवाळ होतो. आता कारखाना सुटला. परदेशी भागीदार आले, त्यांच्याबरोबर रंग तपासणारं यंत्र आलं, आणि आम्हाला स्वेच्छानिवृत्तीचे कागद मिळाले. सहा-सात महिने मी घरीच आहे. पण खोट आढळली आहे, आणि ती घरातच आहे, म्हणून ही वही काढली.

तर नोंद अशी: आमच्या बटाट्याच्या भाजीला हल्ली बटाट्याची चव नाही. फोडी तशाच, हळद-मोहरी तीच, पण दाताखाली पाणचट लागतं आणि मागून मुळ्यासारखा उग्र वास येतो. मीठ तर घातलंय की नाही अशी शंका यावी. बायकोला, निरुपमाला, विचारलं तर म्हणाली, नवा बटाटा आहे, असाच लागतो. म्हणाली ती ताटाकडे बघत. माझं सगळं आयुष्य नमुने तपासण्यात गेलंय. एकाच्या नावावर दुसरा माल खपवला तर मला कळतं.

७ डिसेंबर, सोमवार

निरुपमा शाळेत शिकवायला गेल्यावर इथे बडोद्यात अकोट्याच्या नाक्यावर गेलो. आम्ही जिच्याकडून भाजी घेतो ती बाई लारी, म्हणजे हातगाडी, लावून बसली होती. बटाटे कसले येतात हल्ली, असं विचारलं. ती हसली. "बटाका क्यां, काका? मासी तो रोज सलगम लई जाय छे. तमने बहु भावे छे ने?"

म्हणजे मला सलगम फार आवडतात, असं सांगून माझी बायको रोज सलगम नेते. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी सलगम आणला नसेल. तो पलीकडे वारसिया वस्तीत सिंधी लोक मटणात घालतात, पंजाबी लोक गूळ-मोहरी लावून लोणचं करतात, एवढंच मला ऐकून ठाऊक.

रात्रीच्या जेवणाला मी एक फोड बोटात धरून तिच्यासमोर उचलली आणि म्हटलं, हा सलगम आहे. ती जरा गोंधळली. मग म्हणाली, कांदा-बटाटा किती महाग झालाय बघा, सलगम पचायला हलका, थंडीत चांगला. कांद्याचं खरं आहे, सगळा देश ओरडतोय. पण लारीवर मी सलगमाचाही भाव विचारला होता. तो काही स्वस्त नव्हता.

महाग म्हणून नाही, तर मग कशासाठी? आणि नाव बदलून का?

११ डिसेंबर, शुक्रवार

काल गुरुवार. शाळा सुटल्यावर निरुपमा दर गुरुवारी निजामपुऱ्याला कौमुदीकडे जाते. कौमुदी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर पूर्वी राहणाऱ्या भाडेकरूंची मुलगी. परकरी होती तेव्हापासून आमच्याकडे जेवायला असायची. आता आहारशास्त्र शिकवते, दवाखान्यात पेशंटना काय खावं ते सांगते, शिवाय पीएच.डी. करते आहे.

आज ती घरी आली. मी पेपर वाचत बसलो होतो. दोघी आत स्वयंपाकघरात. कौमुदीनं हळू आवाजात विचारलं, "काकांना कळलं का काही?" निरुपमा म्हणाली, "नाही गं. सलगम ओळखला, पण पुढचं काही नाही. जेवतात निमूट."

मी पेपरचं पान उलटलं नाही. पुढचं म्हणजे काय?

कौमुदी निघताना मी सहज विचारलं, पीएच.डी.चा विषय काय गं तुझा? म्हणाली, "कंदमुळं, काका. आहारातली कंदमुळं."

आता काही समजायचं बाकी राहिलं नाही. कौमुदीला कंदमुळं खाऊ घालायला माणूस हवा आहे. घरी रिकामा बसलेला, वेळेवर जेवणारा, बाहेर कुठे न खाणारा. प्रयोगाचा उंदीर मी.

१८ डिसेंबर, शुक्रवार

ग्रंथालयात जाऊन सलगमावर वाचलं. ज्याच्याशी गाठ आहे तो माल ओळखीचा असावा.

कंदात बहुतेक पाणीच. बटाट्याच्या मानानं पिष्ट फार कमी, त्यामुळे पोट भरलं तरी ताकद कमी. क जीवनसत्त्व बरं, चोथा बरा. थंड देशांत हिवाळाभर गुरांना घालतात. खरा कस पाल्यात: चुना, लोह, अ जीवनसत्त्व, सगळं पानांत. शिजवताना क्षार आणि जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात, म्हणून पाणी फेकू नये, आमटीत वापरावं, असं स्पष्ट लिहिलं होतं.

आता घरात काय चालतं ते लिहितो. निरुपमा सलगमाच्या पातळ चकत्या करते. गरम पाण्यात भिजत घालते. ते पाणी ओतून देते. पुन्हा भरपूर पाण्यात उकळते, तेही पाणी ओतून देते. पाला कोपऱ्यावरच्या गायीला. म्हणजे जेवढं म्हणून सकस आहे तेवढं काढून टाकायचं आणि उरलेला चोथा मला वाढायचा. ही बाई वर्षानुवर्षं तांदळाच्या धुवणाचं पाणीसुद्धा कढीलिंबाला घालत आली. तिला कळत नाही असं कसं म्हणू?

२६ डिसेंबर, शनिवार

लक्ष ठेवून आहे. निरीक्षणं:

निरुपमा स्वतःही तेच खाते, तेवढंच. आधी मला हे कोडं वाटलं. मग लक्षात आलं, प्रयोगात तुलनेला दुसरा नमुना लागतोच.

पाणी वाटीनं पिते. दिवसाचं पाणी सकाळी एका तांब्यात काढून ठेवते आणि तेवढंच पिते. मोजमाप चाललेलं आहे.

लोणचं, पापड बंद. केळी आणली तर माझ्यापुरतीच. टोमॅटो घरात येत नाही.

हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या आहेत. विचारलं तर म्हणाली, फळ्यावर लिहिताना वाजतात. इतकी वर्षं वाजत नव्हत्या का? संध्याकाळी चपला काढल्यावर पायावर पट्ट्यांचे खोल वळ दिसतात. शाळेत उभं राहून शिकवण्याची सवय मोडली असावी. वय झालं, पण कबूल करायचं नाही.

नागपूरहून रसिकाचा, आमच्या लेकीचा, फोन होता. बाळंतपणाला मार्चची तारीख दिली आहे. निरुपमा तिच्याशी इतकी हसून-खिदळून बोलली की मला वाटलं हिला माझ्याशी असं बोलून किती दिवस झाले. फोन ठेवल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, काही बोलेल असं वाटलं. मी वही मिटली. ती आत गेली.

४ जानेवारी १९९९, सोमवार

बोलून काही उपयोग नाही. विचारलं तर पुन्हा महागाई सांगेल. कारखान्यात शिकलो की खोटा नमुना आरडाओरडा करून पकडायचा नसतो. त्यात थोडी भर घालायची, म्हणजे आकडे जुळेनासे होतात आणि करणारा आपोआप उघडा पडतो. प्रयोग बिघडवायचा.

आज मी तिला म्हटलं, उकळतं पातेलं तू उचलू नकोस, पाणी मी ओतत जाईन. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्यासाठी साडी आणली. म्हणाली, "खरंच ओताल?"

मी ते पाणी मोरीत ओतलंच नाही. झाकून ठेवलं, आणि ती अंघोळीला गेल्यावर आमटीत घातलं.

९ जानेवारी, शनिवार

रीत बसली आहे. ती सकाळी शाळेत गेली की मी लारीवरून पाला आणतो. लारीवाली फुकट देते, तिला वाटतं आम्ही गाय पाळली. पाला खूप वेळ उकळतो, पाणी आटवतो, गाळून बाटलीत भरतो. मग ते आणि सलगमाचं पाणी, दोन्ही आमटीत आणि भाताच्या पाण्यात. गोडा मसाला आणि आमसुलं असल्यावर काही कळत नाही. काल निरुपमा म्हणाली, आमटीला हल्ली चव आली आहे. मी म्हटलं, तुझ्या हाताची. मला बरं वाटलं. म्हणजे फसवल्याचं बरं वाटलं, असं लिहायला हवं.

फोनवर ती कौमुदीला सांगत होती, "अगं, हे आता स्वयंपाकघरात येतात. रोज पाणी ओततात." तेच तिनं दोनदा सांगितलं. फार वाहवत जाऊ नये असं मी स्वतःला बजावलं.

१४ जानेवारी, गुरुवार

उत्तरायण, म्हणजे संक्रांत. सगळं बडोदं गच्चीवर. शेजारच्या प्रतापरावांकडून मोठं भांडं भरून कंद-भाज्यांचं उंधियू आलं. निरुपमानं चमच्याच्या टोकावर चाखलं आणि ठेवून दिलं. प्रतापरावांची बायको दारात उभी होती, तिला काय वाटलं असेल? मी मुद्दाम म्हटलं, घे की, सणाचं आहे. तिनं एक फोड घेतली, बराच वेळ चावत राहिली. नंतर तीळगूळ वाटला, स्वतः घेतला नाही.

ती गच्चीवर आली नाही. जिना चढवत नाही म्हणाली. मी वर गेलो, पतंग बघत उभा राहिलो. खाली आलो तर ती खुर्चीत झोपली होती, भर दुपारी, एवढ्या आरडाओरड्यात.

प्रयोगाचा एक परिणाम तरी दिसतो: माझी तब्येत उत्तम आहे. तिची नाही. दोघंही तेच खातो, मग असं का, याचा विचार केला. तिनं आणखी काही वेगळं घेतलं असावं. कसल्या तरी गोळ्या ती पर्समध्ये ठेवते हे मी पाहिलं आहे.

२५ जानेवारी, सोमवार

ती शाळेतून लवकर आली. पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात म्हणाली, ओठांना मुंग्या येतात. मी म्हटलं, अशक्तपणा आहे, तुमचं ते धुऊन काढलेलं अन्न खाऊन दुसरं काय होणार. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. "तुमचं म्हणजे कोणाचं?" मी पेपर पुढे ओढला. उघडी पडायची वेळ आली तर तिनं स्वतः बोलावं.

पण तिचा चेहरा पाहवेना. आज पाल्याचं पाणी जरा जास्त घातलं. लोह असतं त्यात. निदान तिला ताकद येईल. हे प्रयोग बिघडवण्यासाठी नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

२ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटलात बसून लिहितो आहे.

सकाळी निरुपमा न्हाणीघरातून बाहेर आली आणि दाराशीच खाली बसली. पाय उचलता येईनात. हात लावला तर अंग गार, नाडी इतकी सावकाश की दोन ठोक्यांच्या मध्ये मला वाटायचं आता संपलं. प्रतापरावांनी आणि मी उचलून रिक्षात घातलं. ती शुद्धीवर होती. एवढंच म्हणाली, "कौमुदीला बोलवा. तिला सगळं माहीत आहे."

कौमुदी आली, डॉक्टरांशी घाईघाईनं इंग्रजीत बोलली. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, यांच्या किडन्यांचा आजार गेल्या उन्हाळ्यापासूनचा आहे, तुम्हाला कल्पना असेलच. रक्तात पोटॅशियम फार वाढलं, त्यानं हृदय बंद पडू शकतं. डायलिसिसला नेतो आहोत, सही करा.

मी सही केली. कल्पना मला काहीच नव्हती.

बाकावर कौमुदी माझ्याशेजारी बसली. सगळं हळूहळू सांगितलं, मी लहान असल्यासारखं. उन्हाळ्यात शाळेत तपासणी झाली तेव्हा निघालं. ज्या महिन्यात माझा कारखाना सुटला त्याच महिन्यात. काकूंनी शपथ घातली होती, काकांना आणि रसिकाला सांगायचं नाही. निदान बाळंतपण होईपर्यंत. आजारी किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. बटाट्यात ते भरपूर, सलगमात कमी, आणि भिजवून, उकळून पाणी टाकलं की आणखी कमी. पाला तर वर्ज्यच. "सगळं पाण्यात उतरतं ना, काका. म्हणून ते फेकायचं. काकू इतकं काटेकोर करत होत्या, मग एवढं वाढलं कसं, तेच मला कळत नाही."

मला कळलं होतं.

३ फेब्रुवारी, बुधवार

ती वाचली. डोळे उघडले, मला पाहून म्हणाली, जेवलात का. मी हो म्हटलं.

बाहेर डॉक्टर कौमुदीला सांगत होते. पथ्य इतकं नीट पाळून जर हे झालं असेल तर किडन्यांनी एकदम हात टेकले, असाच अर्थ होतो. आता कायमचं डायलिसिस, आठवड्यातून दोन-तीनदा. त्यासाठी दंडाच्या शिरेचं लहानसं ऑपरेशन याच आठवड्यात करून ठेवू.

मी तेवढ्यात बोलायला हवं होतं. बोललो नाही. मनात काय आलं ते लिहितो, कारण वही त्यासाठीच काढली होती. वाटलं, ऑपरेशन होऊन गेलं तर कोणाला कधीच कळणार नाही. सगळे आजारालाच दोष देतील. घरी आलो, ओट्याखाली पाल्याच्या पाण्याची बाटली होती, ती मोरीत रिकामी केली, धुतली, उन्हात पालथी घातली. मग त्या बाटलीकडे बघत उभा राहिलो. पुरावा नष्ट करणाऱ्या किती माणसांना मी कारखान्यात पकडलं होतं.

४ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. कौमुदीलाही बसायला सांगितलं. तिच्यामागे सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, म्हणून तिच्यासमोर सांगितलं. पाणी, पाला, आटवणं, आमटी, भात, संक्रांतीच्या आधीपासून रोज. का केलं तेही.

डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पुन्हा उलटून पाहिले. शेवटी म्हणाले, तर मग ऑपरेशनची घाई नको, पथ्यावर ठेवून काही दिवस पाहू, कदाचित जिथे होत्या तिथे परत येतील. माझ्याकडे न बघता म्हणाले, सांगितलंत ते बरं केलंत.

कौमुदी उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. "माझा विषय आदिवासी मुलांच्या खाण्यातली कंदमुळं आहे, काका. विचारलं असतं तर सांगितलं असतं." आवाज चढवला नाही. गेली.

निरुपमाला अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, जरा ताकद येऊ द्या.

९ फेब्रुवारी, मंगळवार

आज घरी आणली. ऑपरेशन करावं लागलं नाही. आकडे उतरत आहेत. पूर्ण बरं होणं नाही, पण पथ्यावर काही वर्षं निघतील असं म्हणतात.

दुपारी तिच्या पलंगाशी बसून सांगितलं. मध्येच थांबलो तर पुढचं सांगताच येणार नाही म्हणून एका दमात सांगितलं. ती छताकडे बघत होती. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. तिनं विचारलं, "मला मारायचं होतं का तुम्हाला?"

मी म्हटलं, नाही. मला वाटलं तू मला फसवते आहेस.

"फसवतच होते," ती म्हणाली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तिनं सांगितलं, तुम्ही सकाळी डबा घेऊन जाण्याच्या वेळेला कपडे करून खुर्चीत बसायचात, आणि अकरा वाजता पुन्हा घरातले कपडे घालायचात. त्या माणसाला मी काय सांगणार होते? हे मी करत होतो, मला आठवतही नाही.

मग म्हटलं, माझ्या ताटात तरी बटाटा वाढायचा होतास. माझी कुठे किडनी बिघडली होती? बटाट्याची भाजी मिळाली असती तर मी कशाला संशय घेतला असता?

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. "वेगळं शिजवून वेगळं जेवायला लागले असते तर मी आजारी आहे हे मला रोज ताटावर बसून आठवलं असतं. तुमच्याबरोबर तेच जेवलं की वाटायचं, आमच्याकडे हल्ली सलगम करतात, एवढंच."

१६ फेब्रुवारी, मंगळवार

स्वयंपाक मी करतो. कौमुदी आली, सगळं दाखवून गेली. कामापुरतं बोलली. चकत्या किती पातळ, पाणी किती, डाळ किती, आणि किती नाही. निरुपमा ओट्याजवळ स्टूल घेऊन बसते. मी भाजी निथळायला घेतली की ती उठून माझ्या खांद्यापाशी येते आणि पातेलं रिकामं होईपर्यंत मोरीत बघत राहते. परत जाऊन बसते.

सकाळी, संध्याकाळी. मी पातेलं थोडं तिरकं धरतो, तिला नीट दिसावं म्हणून.

जेवताना मी पहिला घास घेतल्यावरच ती तिचा घेते. हे तिच्या लक्षात आलंय की नाही, ठाऊक नाही.

१ मार्च, सोमवार

रसिकाला निरुपमानं स्वतः फोनवर सांगितलं. आजाराचं सांगितलं. माझं सांगितलं नाही. मी शेजारी उभा होतो. फोन घेऊन मीच सांगू का, असं खुणेनं विचारलं. तिनं मान हलवली. ते माझ्यासाठी की रसिकासाठी, मी विचारलं नाही.

लारीवरचे सलगम आता जरठ येतात. बाई म्हणाली, हवे सीझन पूरी, काका, म्हणजे आता हंगाम संपला. कौमुदीला फोन करून विचारलं, पुढे काय करू. ती म्हणाली, दुधी, काकडी, कोबी, पण कोबीचंही पाणी टाकायचं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, गुरुवारी येते, तुम्हाला दाखवते.

११ मार्च, गुरुवार

रसिकाला मुलगी झाली. पहाटे फोन आला. निरुपमानं सगळ्या गल्लीला सांगितलं. जाता येणार नाही याचं वाईट वाटलं, पण रडली नाही. जावई फोटो पाठवणार आहेत.

अकरा वाजता मी स्वयंपाकाला लागलो. कोबी उकळला. झाऱ्यानं दाबून पातेलं उचललं आणि सवयीनं वाट पाहिली. स्टूल रिकामं होतं. बाहेरच्या खोलीत ती प्रतापरावांच्या बायकोशी नावांबद्दल बोलत होती. सानवी कसं वाटतं, असं काहीतरी.

पातेलं हातात तापायला लागलं. मी हाक मारली, "निरू, पाणी ओततोय गं."

"ओता की," ती तिथूनच म्हणाली. "मला कशाला सांगता?"